ॲस्कॉट पार्क, गार्डेना: ॲगाजेनियन बापलेक, मातीचा ट्रॅक आणि भाडेपट्ट्याची जमीन

डावेवळण (धागाकर्ता)

लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला 91 फ्रीवे पश्चिमेकडे जिथे संपतो, तिथून थोडं खाली व्हरमाँट ॲव्हेन्यू आणि 183व्या रस्त्यापाशी आज गाड्यांच्या लिलावाचं आवार आहे. टॉरन्स-गार्डेनातली मराठी कुटुंबं आर्टेशियाला किराण्यासाठी निघतात ती या कोपऱ्यावरूनच 91 ला लागतात. 1957 ते 1990 इथे ॲस्कॉट पार्क होतं. मुख्य ट्रॅक अर्ध्या मैलाचा, मातीचा. त्याच आवारात छोट्या मिजेट गाड्यांसाठी पाव मैलाचा ट्रॅक, मोटरसायकलींचा टीटी कोर्स (वळणं आणि उडी असलेला मार्ग), मोटोक्रॉस, आणि वाटा एकमेकींना छेदणारी फिगर-एट शर्यत. शेवटची शर्यत 22 नोव्हेंबर 1990 ला झाली, थँक्सगिव्हिंगच्या रात्री. ती मिजेट गाड्यांची टर्की नाइट ग्रां प्री. जिंकला स्टॅन फॉक्स.

ट्रॅक चालवला तो ॲगाजेनियन कुटुंबानं. आधी जे. सी. ॲगाजेनियन. 1984 मध्ये ते वारल्यावर पुढची पिढी, आणि त्यात त्यांचे चिरंजीव कॅरी ॲगाजेनियन, जे प्रमोटरही आणि पेशानं वकीलही. जे.सीं.बद्दल भरपूर लिहिलं गेलंय. कॅरींच्या वाट्याला आलेलं काम जास्त अवघड होतं असं मला वाटतं, कारण जमीन हातातून जाणार हे दिसत असताना काय जपायचं हे ठरवणं त्यांच्याकडे आलं. आज ॲस्कॉटची माती नाही, स्टँड नाही, दिवे नाहीत. तरी टर्की नाइट होते आणि ॲगाजेनियनांच्या गाडीचा 98 नंबर धावतो. हे कसं जमलं यावर इथल्या जाणकारांनी लिहावं. ट्रॅकची माती, कागदपत्रं, हिशेब, सगळं चालेल.

मिजेटप्रेमी

चांगला विषय. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण बऱ्याच ठिकाणी दोघांची सरमिसळ होते. जे. सी. वकील नव्हते. सॅन पेद्रोत 1913 मध्ये जन्म, आर्मेनियन कुटुंब, धंदा डुकरं पाळण्याचा आणि कचरा उचलण्याचा. त्यांना स्वतः गाडी चालवायची होती, वडिलांनी ठाम विरोध केला, म्हणून ते गाडीमालक झाले. डोक्यावर काउबॉय हॅट, पायात बूट आणि गाडीवर 98, ही त्यांची ओळख.

त्यांच्या गाडीनं इंडियानापोलिस 500, म्हणजे इंडीची 500 मैलांची शर्यत, दोनदा जिंकली. 1952 ला ट्रॉय रटमन, वय 22, आजपर्यंतचा सर्वांत तरुण विजेता. ती गाडी एडी कुझ्मानं बांधलेली, मातीच्या ट्रॅकची उंच घडणीची. त्यानंतर त्या घडणीची गाडी इंडीत जिंकली नाही. दुसऱ्यांदा 1963 ला पार्नेली जोन्स. त्याआधीच्या वर्षी, 1962 ला, याच पार्नेलीनं पात्रता फेरीत ताशी 150 मैलांचा टप्पा इंडीत पहिल्यांदा ओलांडला होता.

1963 चा शेवट धाग्याच्या विषयाशी जोडलेला आहे. पार्नेलीच्या गाडीतून तेल गळत होतं. प्रतिस्पर्धी लोटस संघाचे कॉलिन चॅपमन काळ्या झेंड्यासाठी, म्हणजे ती गाडी ट्रॅकवरून बोलावून घ्यावी म्हणून, अडून बसले होते. मुख्य स्टुअर्ड हार्लन फेंगलर यांच्यासमोर जे. सी. उभे राहिले आणि मुद्दा मांडला की तेलाच्या टाकीला चीर आहे, पण तेलाची पातळी आता चिरेच्या खाली गेलीय, म्हणजे गळती थांबलीय. झेंडा निघाला नाही. निर्णय बरोबर होता का यावर आजही दोन तट आहेत. मला दिसतं ते इतकंच की नियम, पुरावा आणि वेळ यांचं भान त्या घरात वकिलीची पदवी येण्याआधीपासून होतं.

ग्रेडरवाला

मातीबद्दल मी लिहितो. ॲस्कॉटची ख्याती ट्रॅक ‘टॅकी’ असण्याची होती, म्हणजे टायरला धरून ठेवणारा, चिकट. यात समुद्राचा मोठा वाटा. पॅसिफिक तिथून दहा-बारा किलोमीटरवर. संध्याकाळी दमट हवा आत येते, बाष्पीभवन मंदावतं, आणि दुपारी दिलेलं पाणी रात्री मुख्य शर्यतीपर्यंत टिकतं. वाळवंटाच्या कडेच्या ट्रॅकवर तेच पाणी तिसऱ्या हीटलाच (प्राथमिक फेरीलाच) उडून जातं.

पण नुसत्या हवेवर ट्रॅक होत नाही. अर्ध्या मैलाच्या ट्रॅकचा हिशेब करून बघा. लांबी 805 मीटर, रुंदी 18 मीटर धरली तर साधारण 14,500 चौरस मीटर. एका चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 1 लिटर. 10 मिलिमीटर ओल द्यायची तर 1,45,000 लिटर. 15,000 लिटरचा टँकर असेल तर दहा खेपा, आणि ही फक्त एका वेळची ओल. म्हणून पाण्याची सोय जवळ नसेल तर मातीचा ट्रॅक परवडतच नाही.

क्रम साधारण असा. आदल्या दिवशी 10 ते 15 सेंटीमीटर खोल उकरायचं, डिस्क फिरवून ढेकळं फोडायची. मग पाणी हळूहळू, बऱ्याच खेपांत. एकदम ओतलं तर वरचा थर लगेच बंद होतो आणि पाणी आत शिरत नाही. रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी ग्रेडरनं उतार सारखा करायचा, शीपफूट रोलरनं (खुरांसारख्या खुंट्या असलेल्या) खालून दाबत यायचं, शेवटी रबरी टायरचा रोलर. पहिल्या सराव फेऱ्यांच्या दोन-तीन तास आधी टँकर बंद. त्यानंतर रेसच्या गाड्याच कमी वेगात पूर्ण रुंदीवर फिरवायच्या. याला ‘व्हील पॅकिंग’ म्हणतात, आणि ड्रायव्हर लोक इथेच कंटाळा करतात. सगळे एकाच ओळीत फिरले तर तेवढा पट्टाच दाबला जातो, बाकी ट्रॅक भुसभुशीत राहतो आणि शर्यत एकपदरी होते.

नेमकं बिघडतं कुठे, तर बँकिंगवर, म्हणजे वळणाच्या तिरक्या उतारावर. पाणी उताराने आतल्या कडेला उतरतं. खाली चिखल, वर धूळ. म्हणून टँकरनं वरच्या पट्ट्याला आधी आणि जास्त पाणी द्यायचं, आतल्या कडेला शेवटी, हात राखून. दुसरी चूक म्हणजे वरून ओला, खालून कोरडा ट्रॅक. पहिल्या दहा फेऱ्यांत वरचं कवच पापुद्र्यांसारखं निघतं, खालची धूळ उघडी पडते आणि मग मध्यंतरात कितीही पाणी मारा, ते नुसतं घसरडं होतं. तपासायची सोपी रीत: फावड्यानं 10 सेंटीमीटर खणून तळची माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि बोटानं ढकलल्यावर तुटला तर ठीक. गोळाच होत नसेल तर रात्र धुळीत जाणार.

चौथा_कोपरा

ग्रेडरवाले, यात ‘कुशन’ची भर घालतो. स्प्रिंट कारच्या (मिजेटपेक्षा मोठी, उघड्या चाकांची रेसगाडी) मागच्या चाकांनी उडवलेली सैल माती बाहेरच्या भिंतीकडे साचत जाते. त्या कडेला उजवं मागचं चाक टेकवून गाडी पूर्ण तिरकी चालवायची, ही कॅलिफोर्नियातल्या बिनपंखाच्या स्प्रिंट कारची खरी कला. पंख नसल्यानं हवा गाडीला खाली दाबत नाही, पकड सगळी मातीकडून घ्यावी लागते. त्यासाठी उजवं मागचं टायर डाव्यापेक्षा परिघानं मोठं ठेवतात. आख्खा मागचा ॲक्सल एकसंध, डिफरन्शियल नाही, त्यामुळे परिघातल्या फरकानंच गाडी डावीकडे ओढते. ट्रॅक गुळगुळीत होत गेला की हा फरक कमी करतात, नाहीतर सरळ पट्ट्यावर गाडी नाक आत घालायला बघते.

कुशन भिंतीला टेकलं की धोका सुरू. चाक टेकवायला जागा उरत नाही, जरा चुकलं तर गाडी भिंतीवर चढते. चांगला प्रमोटर अशा वेळी कार्यक्रम थांबवून ग्रेडर आत घालतो, प्रेक्षक कुरकुरले तरी. कॅलिफोर्निया रेसिंग असोसिएशनच्या, म्हणजे सीआरएच्या, गाड्यांचं ॲस्कॉट हे घर होतं. दर आठवड्याला तिथे धावून ड्रायव्हर तयार झाले. ते घर गेल्यावर सीआरएही फार टिकली नाही. नंतर एससीआरए ही दुसरी संघटना, 1996 मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्याच पेरिस गावी नवा अर्धा मैल मातीचा ट्रॅक, 2004 मध्ये यूसॅक या राष्ट्रीय संस्थेखाली यूसॅक-सीआरए मालिका. मधली काही वर्षं मात्र दक्षिण कॅलिफोर्नियातल्या स्प्रिंट कार बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरल्या.

कलम_तेवीस

आता कागद. धागाकर्त्यांनी ‘काय जपायचं’ विचारलंय, त्याचं उत्तर इथे आहे.

ॲस्कॉटची जमीन कुटुंबाच्या मालकीची नव्हती, भाडेपट्ट्यावर होती. तीन फ्रीवे जवळ येतात अशी जागा. ॲस्कॉटची जाहिरातही त्याच बळावर चालायची. जी गोष्ट प्रेक्षक आणते तीच जमिनीचा भाव वाढवते, आणि पट्टा संपताना तो भाव मालकाचा असतो, प्रमोटरचा नाही. अशा पट्ट्यावर ट्रॅक चालवणाऱ्यानं पहिल्या दिवसापासून दोन याद्या वेगळ्या ठेवाव्यात. जमिनीला चिकटलेलं: पाया, भिंत, गटारं, बँकिंगचा भराव. आणि उचलून नेता येईल असं: स्पर्धेचं नाव, तारीख, करंडक, ड्रायव्हर आणि प्रायोजकांशी करार, प्रक्षेपणाचे हक्क, मंजुरी देणाऱ्या संस्थेशी नातं.

टर्की नाइट दुसऱ्या यादीत होती. ती ॲस्कॉटची निर्मितीच नव्हे. 1934 ला लॉस एंजेलिसच्या गिल्मोर स्टेडियमला सुरू झाली. ते 1950 ला बंद झालं, तिथे टेलिव्हिजन स्टुडिओ उभा राहिला. ॲस्कॉटला ती 1960 ला आली, पहिल्या दोन वर्षी ए. जे. फॉइट जिंकला. म्हणजे 1990 मध्ये स्थलांतराची वेळ आली तेव्हा या शर्यतीला स्थलांतराची सवय होती. कुटुंबानं नाव सोडलं नाही. 1999 पासून अनेक वर्षं इर्विंडेलच्या ट्रॅकला, 2016 पासून व्हेंचुराच्या. आज मुख्य शर्यत 98 फेऱ्यांची असते.

कॅरींचं दुसरं काम ड्रायव्हरांच्या बाजूनं. मोटरस्पोर्ट्स मॅनेजमेंट इंटरनॅशनलमधून त्यांनी ड्रायव्हरांचे करार सांभाळले, टोनी स्टुअर्ट त्यांतला. प्रमोटरच्या घरात वाढलेला वकील ड्रायव्हरच्या वतीनं टेबलाला बसतो तेव्हा समोरच्याचा खर्च कुठे दडलाय हे त्याला पाठ असतं. आणि गाडीमालक माइक कर्ब यांच्याबरोबर कर्ब-ॲगाजेनियन या नावानं 98 इंडीत पुन्हा आला. 2011 ला डॅन व्हेल्डन आणि 2016 ला अलेक्झांडर रॉसी, दोन्ही विजय याच नंबरचे. ॲस्कॉट बंद पडल्यानंतरचे.

लालमाती

वाचतेय. दोन प्रश्न. पिटमध्ये, म्हणजे गाड्यांच्या आणि मदतनीसांच्या आवारात, जाताना जबाबदारी सोडल्याची सही घेतात त्या कागदाला खरंच काही अर्थ असतो का? आमच्याकडे पुणे-नाशिक-कोल्हापूर भागात सुपरक्रॉस, डर्ट ट्रॅक होतात, तिथेही असाच एक कागद पुढे करतात. आणि ग्रेडरवाले काका, आपल्या काळ्या मातीवर असा ट्रॅक होईल का?

कलम_तेवीस

लालमाती ताई, कॅलिफोर्नियात अर्थ असतो, पण कागद नीट असेल तरच. 1963 च्या टंकल निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की सार्वजनिक गरजेच्या सेवेत, त्या खटल्यात रुग्णालय, अशी जबाबदारी झटकता येणार नाही. मोटर रेसिंग ही तशी गरज नाही, म्हणून पिटमधले रिलीज, म्हणजे हे सहीचे कागद, तिथे साधारणपणे टिकतात. मर्यादा दोन. 1984 मध्ये नॅस्कार या शर्यत-संस्थेविरुद्धच्या एका खटल्यात अपील न्यायालयानं रिलीज उडवून लावला, कारण तो साडेपाच पॉइंट अक्षरात छापलेला होता आणि भाषा इतकी गुंतागुंतीची की वाचून अर्थ लागेना. 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की घोर निष्काळजीपणाची जबाबदारी आधीच्या सहीनं सुटत नाही.

पिट गेटवरची शिस्त त्यातून येते. कागद मोठ्या ठळक अक्षरात, शीर्षकच ‘हक्क सोडत आहे’ असं. ओळी रिकाम्या ठेवून एकानं दुसऱ्याची सही करायची नाही. सही आधी, मनगटपट्टी नंतर, हा क्रम कधी उलटा नाही. प्रत्येक रात्रीसाठी नवा कागद. नावांत प्रमोटर, जमीनमालक, मंजुरी देणारी संस्था, रुग्णवाहिका, गाडीमालक, सगळे. एखादं नाव राहिलं तर दावा त्याच्यावर येतो आणि तो तुम्हाला ओढून आणतो. कागद वर्षानुवर्षं जपायचे, पाण्यापासून दूर. स्टँडमधला प्रेक्षक मात्र सही करत नाही, त्याचं रक्षण कुंपण, अंतर आणि विमा यांनीच करायचं.

भारतात गणित वेगळं. करार कायद्याच्या कलम 23 खाली सार्वजनिक धोरणाविरुद्धचा करार निरर्थक. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अन्याय्य करार’ची वेगळी व्याख्या आहे. अल्पवयीनाचा करार 1903 च्या मोहरी बिबी निकालापासून मुळातच शून्य, त्यामुळे 15 वर्षांच्या पोराची सही म्हणजे नुसती शाई. इथल्या आयोजकानं कागदावर विसंबू नये. विमा घ्या, आणि नीट वाचून घ्या, कारण नेहमीच्या मोटर पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी स्पष्टपणे वगळलेली असते. गाडीची पॉलिसी आहे म्हणजे शर्यतीत चालेल, हा समज घातक आहे. त्या दिवसाचा, त्या जागेचा, त्रयस्थांसकट असा स्वतंत्र विमा लागतो. शिवाय मैदान लोकांना खुलं असेल तर मोटर वाहन कायद्याचं कलम 189 लागू होतं, राज्य सरकारची लेखी संमती हवी. आणि भारतातल्या मोटर स्पोर्ट्स क्लबांच्या फेडरेशनची, एफएमएससीआयची, मंजुरी नसेल तर अशा कार्यक्रमाच्या वाटेलाच जाऊ नये.

ग्रेडरवाला

लालमाती, नुसती काळी माती नको. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि हात जाईल अशा भेगा पडतात. पकड देते ती ओलीच्या फार अरुंद पट्ट्यात. जरा जास्त पाणी झालं की टायरला लपेटून बसते, जरा कमी झालं की खडे. मुरमात मिसळून वापरायची, आणि प्रमाण तुमच्या मातीवर ठरेल, कुणाचं ऐकून नाही.

चाचणी घरी होते. काचेच्या उभ्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर कपड्यांची पावडर, दहा मिनिटं हलवा, ठेवून द्या. पहिल्या मिनिटात बसेल ती वाळू, दोनेक तासांत पोयटा, दुसऱ्या दिवशी वर बसलेला थर चिकणमातीचा. पट्ट्या मोजा. मग ओली माती अंगठ्यानं तर्जनीवर ढकलून फीत काढा. पाच सेंटीमीटरपेक्षा लांब फीत न तुटता निघाली तर चिकणमाती जास्त आहे, वाळू किंवा मुरूम वाढवा. दोनच्या आत तुटली तर ट्रॅक बांधून राहणार नाही.

ओल धरण्यासाठी तिकडे कॅल्शियम क्लोराइड मारतात, ते हवेतली आर्द्रता ओढतं. तालमीत आखाड्याच्या मातीत तेल-ताक घालतात त्यामागचा हेतू तोच, माती मऊ आणि जिवंत ठेवायची. फक्त कॅल्शियम क्लोराइड लोखंड खातं. शर्यतीनंतर गाडी धुतली नाही तर चॅसीच्या जोडांवर गंज धरतो.

चौथा_कोपरा

कलम_तेवीस यांच्या एका मुद्द्याशी सहमत नाही. इर्विंडेल हा डांबरी ट्रॅक. टर्की नाइट तिथे गेली तेव्हा नाव राहिलं पण शर्यत वेगळी झाली. मिजेटची मातीवरची ठेवण आणि डांबरावरची ठेवण यांत सस्पेन्शन, टायर, वजनाची मांडणी सगळं बदलतं. गाडीवाल्यांना दुसरी गाडी बांधावी लागली. ज्यांना परवडलं नाही ते गळाले. वारसा फक्त नावाचा धरायचा की पृष्ठभागाचाही?

कलम_तेवीस

प्रश्न रास्त आहे. पण त्या काळात पर्याय काय होते ते बघा. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात मोकळा, प्रेक्षक मावतील इतका, विमा मिळेल असा ट्रॅक लॉस एंजेलिसच्या टप्प्यात हवा. एक वर्ष जरी शर्यत झाली नाही तरी प्रायोजक दुसरीकडे जातो, तारीख दुसरा प्रमोटर घेतो. डांबरावर का होईना, तारीख धरून ठेवली म्हणून पुन्हा मातीवर नेता आली.

मिजेटप्रेमी

आणि परत मातीवर गेली ती व्हेंचुराला. एक पंचमांश मैलाचा छोटा ट्रॅक, जत्रेच्या मैदानात, अगदी समुद्राला लागून. ग्रेडरवाल्यांनी ॲस्कॉटच्या ओलीचं जे कारण सांगितलं ते व्हेंचुराला दुप्पट लागू आहे. रात्री उशिरापर्यंत ट्रॅक धरून राहतो.

चौथा_कोपरा, तुमच्या प्रश्नाला ड्रायव्हरांच्या यादीतूनही उत्तर मिळतं. रॉन शुमन टर्की नाइट आठ वेळा जिंकला, आणि ती विजयांची मालिका ॲस्कॉटमध्ये सुरू होऊन ॲस्कॉट संपल्यावर पूर्ण झाली. ड्रायव्हर शर्यतीच्या मागे गेले.

डावेवळण (धागाकर्ता)

मंडळी, मनापासून आभार. एक मुद्दा अजून कुणी घेतला नाही, तो हिशेबाचा. भाडं महिन्याचं असतं, शर्यत आठवड्यातून एकदा. ॲस्कॉटनं ते अंतर भरून काढलं एकाच आवारात पाच प्रकारचे ट्रॅक ठेवून. स्प्रिंट कारची रात्र वेगळी, फ्लॅट ट्रॅक मोटरसायकलींची वेगळी, मोटोक्रॉस वेगळं. 1967 ला कसरतपटू इव्हल क्निव्हलनं मोटरसायकलवरून 15 गाड्यांवर उडी मारली तीही इथेच. प्रत्येक गर्दी वेगळी, त्यामुळे एकाच प्रेक्षकाच्या खिशावर ताण नाही. पिटचं प्रवेशशुल्क हा दुसरा आधार. मदतनीस, गाडीमालक, घरची माणसं, सगळे मागच्या दारानं पैसे भरून येतात, आणि पावसाची भुरभुर असली तरी येतात. पुढच्या दाराचं उत्पन्न हवामानावर, मागच्या दाराचं गाड्यांच्या संख्येवर.

ग्रेडरवाले, या मांडणीत मातीचं काय होतं? शुक्रवारी मोटरसायकली आणि शनिवारी स्प्रिंट कार असतील तर एकाच पृष्ठभागावर दोन्ही कशा जमवायच्या?

ग्रेडरवाला

मोटरसायकलला कुशन आणि खड्डे नकोत, तिला दाबलेला, सारखा, जरा कोरडा पृष्ठभाग लागतो. स्प्रिंट कारला ओल आणि खोली हवी. म्हणून मोटरसायकलींच्या रात्री वरवरच काम करायचं, 3-4 सेंटीमीटरपेक्षा खोल उकरायचं नाही, रोलर जास्त. ती शर्यत संपल्या संपल्या, त्याच रात्री, डिस्क घालून खोल उकरायचं आणि लगेच पाणी सुरू करायचं. सकाळपर्यंत थांबलात तर मुरायला वेळ उरत नाही. माणसं दमलेली असतात, दिवे बंद करून जायची घाई असते, पण शनिवारचा ट्रॅक शुक्रवारच्या मध्यरात्रीच ठरतो. टीटी कोर्सच्या उडीचा भराव अर्ध्या मैलाच्या वाटेत येत असेल तर तो आधी हलवायचा, आणि ती माती ट्रॅकवर पसरायची नाही. उडीची माती वेगळी मिसळलेली असते. तिचा एक पट्टा जरी राहिला तरी नेमक्या त्याच जागी खड्डा पडतो.